आत्यासाठी मूकपट सुचवा: कीटन, चॅप्लिन, लॉइड आणि मंडळी

सांजवात

नमस्कार मंडळी.

माझी आत्या 82 वर्षांची आहे. गेली चार वर्षं तिला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. मशीन घेऊन झालं, पण त्यातून नुसती घरघर येते म्हणून ती काढून ठेवते. ती आमच्याशी व्यवस्थित बोलते, आम्ही तिच्याशी पाटीवर लिहून बोलतो. आपल्या लहानपणची असायची तीच दगडी पाटी, लाकडी चौकटीची. टीव्ही मात्र तिने पार सोडला. मालिकांमध्ये माणसं नुसती उभी राहून बोलत असतात, त्यातलं तिला काय कळणार? आम्ही सगळे कशावर तरी हसलो की ती आमच्या तोंडांकडे बघते आणि मागाहून उगाच हसते. ते मला फार लागतं.

दोन आठवड्यांपूर्वी रात्री मी बस्टर कीटन या मूकपटांतल्या विनोदी नटाची 1920 सालची 'वन वीक' लावून बसले होते. माझ्यापुरतीच. वीस-पंचवीस मिनिटांची फिल्म. नुकतंच लग्न झालेलं जोडपं, त्यांना आहेरात काय मिळतं तर घर! खोक्यांमधून आलेलं, आकडे बघून जोडायचं. मुलीवर डोळा असलेला एक जण रात्रीतून खोक्यांवरचे आकडे बदलून ठेवतो. मग जे घर उभं राहतं ते बघण्यासारखं आहे. भिंती वाकड्या, छप्पर कुठल्या कुठे, वरच्या मजल्यावरचं एक दार थेट हवेत उघडतं. आत्या पाणी प्यायला उठली होती, ती माझ्या मागे उभी राहून बघायला लागली. पियानो आत ओढायला कीटन छताला कप्पी लावतो आणि पियानो हलायच्या ऐवजी छतच खाली वाकायला लागतं, तिथे ती खुर्ची ओढून बसली.

आंघोळीच्या प्रसंगात बायकोच्या हातातून साबण टबाबाहेर निसटतो. आता ती उठणार, तेवढ्यात कॅमेऱ्यावर कोणाचा तरी हात येतो. साबण उचलून होईपर्यंत तळवा भिंगावरच! आत्याने माझ्या पाठीत धपाटा घातला आणि खो खो हसत सुटली. पुढे वादळ येतं आणि वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांसकट घर भोवऱ्यासारखं गरगरतं. मग कळतं की घर चुकीच्या प्लॉटवर बांधलंय. ते ओढून रुळांपलीकडे न्यायचं, तर बरोबर रुळांवरच अडकतं. समोरून गाडी. आत्या ओरडली, "ढकला मेल्यांनो, ढकला!" गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते. हुश्श होतं न होतं तोच उलट्या बाजूने दुसरी गाडी येते आणि घराचा भुगा करून जाते.

पदराने डोळे पुसत आत्या म्हणाली, "घर पाहावं बांधून नि लग्न पाहावं करून. याने दोन्ही एका आठवड्यात केलं की गं!"

चार वर्षांनी ती आमच्या आधी हसली. आता रोज विचारते, आज काय लावतेस? मला या काळातलं फारसं माहीत नाही. पडद्यावर मध्ये मध्ये येणाऱ्या लिखाणाच्या पाट्या कमी असलेले, हातापायांनी आणि चेहऱ्याने सांगणारे सिनेमे सुचवा. इंग्रजी पाट्यांचं मराठी मी आधी वहीत करून ठेवते आणि त्या वेळी पाटीवर लिहून दाखवते.

चकलीवाली

किती सुंदर. आत्यांना नमस्कार सांगा. धागा वाचनखुणांत साठवलाय.

घाटावरचा

सांजवात, तुम्ही नेमकी योग्य माणसापासून सुरुवात केलीत. पुढे 'शेरलॉक ज्युनियर' (1924) घ्या, पाऊण तासाची आहे. कीटन सिनेमाघरात प्रोजेक्टर चालवणारा मुलगा. चालवता चालवता त्याला डुलकी लागते आणि स्वप्नात तो थेट पडद्यात शिरतो. पडद्यावरची जागा क्षणाक्षणाला बदलते, हा मात्र तोच. बाकावर बसायला जातो तर बाक गायब आणि हा भर रस्त्यात आपटतो. समुद्रात सूर मारतो तर डोकं बर्फात. हे जुळवायला त्या लोकांनी जमीन मोजणीची उपकरणं आणली होती. कॅमेऱ्यापासून कीटन किती लांब आणि कुठल्या कोनात उभा होता ते मोजायचं, पुढच्या जागी जाऊन बरोबर तसंच उभं करायचं. सगळं मोजून-मापून, कुठलाही संगणक नाही.

याच सिनेमात रेल्वेच्या पाण्याच्या टाकीखाली तो लोंबकळतो आणि पाण्याचा लोंढा त्याला खाली रुळावर आपटतो. तेव्हा नुसतं डोकं दुखलं म्हणून त्याने सोडून दिलं. बऱ्याच वर्षांनी एक्स-रे काढला तेव्हा कळलं की मानेचं हाड मोडून आपोआप जुळलेलं आहे.

आणि 'स्टीमबोट बिल ज्युनियर' (1928) चुकवू नका. 'वन वीक'मध्ये भिंत अंगावर पडते आणि तो खिडकीच्या जागेतून सुटतो, ते आत्यांनी बघितलंच असेल. आठ वर्षांनी त्याने तेच मोठ्या प्रमाणात केलं. वादळात दोन मजली घराची अख्खी दर्शनी भिंत, सुमारे दोन टन वजनाची, त्याच्यावर सपाट कोसळते. वरच्या उघड्या खिडकीएवढ्याच जागेत तो उभा. खांद्यांच्या दोन्ही बाजूंना काही इंचांची मोकळीक. ते दृश्य एकाच तुकड्यात आहे, मध्ये कुठे कात्री नाही. मी ते थांबवून थांबवून बघितलंय. भिंत पडते तेव्हा धूळ उडते आणि त्याच्या शर्टाची बाही हलते. तो मात्र हलत नाही.

माझ्या मते या सगळ्या सिनेमांचं मर्म इथे आहे. माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसतो आणि जे घडतं ते खरोखर घडतं. म्हणून शंभर वर्षांनी आपण श्वास रोखून बघतो. आजच्या पडद्यावर शहरंच्या शहरं कोसळतात आणि आपण मक्याच्या लाह्या खात असतो.

रीळवाले_काका

धागा वाचून राहवलं नाही. मी तरुणपणी गणेशोत्सवात 16 एमएमचं प्रोजेक्टर चालवायचो. भाड्याने आणायचं, टेबलावर टेबल चढवून ठेवायचं आणि गल्लीच्या दोन बाजूंच्या खांबांना पांढरं कापड बांधायचं. समोर जागा संपली की लोक कापडाच्या मागच्या बाजूला सतरंज्या टाकायचे. मागून चित्र दिसतं पण सगळं उलटं, डावखुरा उजवा होतो आणि अक्षरं आरशातल्यासारखी. बोलपटाला मागची मंडळी कुरकुरायची. चॅप्लिनचं रीळ चढवलं की दोन्हीकडून एकदम हशा! त्या माणसाला उलटा-सुलटा करा, तो कळतोच.

एक कामाचं सांगतो. हे सिनेमे लोकांना भराभर पळताना दिसतात आणि तशीच त्यांची रीत असेल असं वाटतं. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे. सेकंदाला सोळा, अठरा, वीस चित्रं, जसा हात चालेल तसं. बोलपटात 24 चा वेग ठरून गेला. सोळाने घेतलेलं चोविसाने दाखवलं की माणसं दीडपट वेगाने पळणारच. आमच्या यंत्रावर मूक आणि बोलपट असं वेगाचं बटण होतं. नवखा पोरगा ते बघायला विसरला की चार्लीची मुंगी व्हायची. काही वेळा तेही मुद्दाम हळू फिरवून गंमत करायचे हे खरं, पण किती भराभर पळायचं ते त्यांचं त्यांनी ठरवलेलं असायचं. इंटरनेटवर एकाच सिनेमाच्या पाच-सहा प्रती असतात. ज्यात माणसं माणसासारखी चालतात ती निवडा. आत्यांच्या डोळ्यांनाही त्रास व्हायचा नाही.

सांजवात

काका, ही गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती! मी लावलेली दुसरी एक फिल्म बघताना आत्या "गरगरतं" म्हणाली होती. आज वेग बघून दुसरी प्रत लावते.

केतकीचं_बन

आत्यांबद्दल वाचून खूप बरं वाटलं. तरी एक मनापासून विचारते. कोणी पडलं, कोणाला मार लागला की हसायचं, हे मला लहानपणापासून आवडत नाही. शाळेत मी स्टेजवर पाय अडकून पडले होते आणि सगळा हॉल हसला होता. या सिनेमांमध्ये मला तेच दिसतं. तुम्हाला तसं होत नाही का?

घाटावरचा

केतकी, तुमचा प्रश्न रास्त आहे. काही फिल्म खरंच तशा आहेत, एकाने दुसऱ्याला लाथ घालायची आणि आपण हसायचं. सुरुवातीच्या एक-दोन रिळांच्या कितीतरी फिल्ममध्ये तेवढंच असतं. माझंही मन तिथे रमत नाही.

पण कीटन घ्या. आईबापांबरोबर तो अगदी लहानपणापासून रंगमंचावर होता. बाप त्याला उचलून फेकायचा आणि हा न दुखता पडायला शिकला. पडल्यावर आपण हसलो तर लोक कमी हसतात आणि चेहरा कोरा ठेवला तर जास्त, हेही त्याला तिथेच कळलं. त्याच्या सिनेमात कोसळतं ते जग. हा उठतो, टोपी सरळ करतो आणि पुढच्या कामाला लागतो. त्याची फजिती बघून मला त्याच्याबद्दल कधी कमीपणा वाटला नाही, उलट आदरच वाटतो. तुमच्या हॉलमध्ये जे झालं ते वेगळं होतं. तिथे तुमच्या मनाविरुद्ध तुम्हाला हसले.

एक सांगायलाच हवं. 'सेव्हन चान्सेस' (1925) मध्ये शेवटी दगडांचा जो लोंढा त्याच्यामागे लागतो तो अफाट आहे. प्रदर्शनाआधीच्या चाचणी खेळात दोन-तीन दगड चुकून घरंगळले आणि प्रेक्षक हसले, म्हणून त्याने परत जाऊन कागदाच्या लगद्याचे लहान-मोठे शेकडो दगड करवून घेतले. पण त्याच सिनेमात एक गोरा नट तोंड काळं करून कृष्णवर्णीय नोकर झालाय आणि कृष्णवर्णीय माणसांवर केलेले विनोद आहेत. ते हिणकस आहेत. मुलांबरोबर बघाल तर थांबून बोला.

फळा_खडू

मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते, त्यामुळे हा धागा मला फार जवळचा वाटला. आमच्याकडे पावसामुळे मैदानाचा तास रद्द झाला की मी 'द गोल्ड रश' लावते. उपाशी चार्ली बूट उकडून खातो, नाडी शेवयांसारखी काट्याला गुंडाळतो, तळव्याचे खिळे हाड चोखावं तसे चोखतो. मुलं लगेच आपापल्या डब्यातल्या वस्तूंनी तसं करून दाखवायला लागतात. (तो बूट ज्येष्ठमधाच्या मिठाईचा केला होता, हे कळल्यावर एकीने मला खुणेने विचारलं, मग तो त्याला आवडला का?)

मला सांगायचंय ते ग्रॅनव्हिल रेडमंडबद्दल. हा कॅलिफोर्नियातला निसर्गचित्रकार, लहानपणी आजारात त्याची ऐकण्याची शक्ती गेली. चॅप्लिनशी त्याची घट्ट मैत्री होती. चॅप्लिनने त्याला स्वतःच्या स्टुडिओत चित्रं काढायला जागा दिली होती आणि त्याच्याकडून खुणांची भाषाही शिकला. 'सिटी लाइट्स'च्या सुरुवातीला पुतळ्याचं अनावरण आहे, कापड वर जातं तर पुतळ्याच्या मांडीवर चार्ली झोपलेला. तिथला शिल्पकार म्हणजे हाच रेडमंड. आमच्या वर्गात मी तिथे फिल्म थांबवून सांगते, हा माणूस तुमच्यासारखा होता. मुलं पुढचा अर्धा सिनेमा त्यालाच शोधत बसतात.

त्याच प्रसंगात पुढारी भाषण करतो तेव्हा शब्दांऐवजी नुसती पिपाणीसारखी चींचीं ऐकू येते. 1931 साल, सगळीकडे बोलपट सुरू झालेले आणि चॅप्लिन अजून न बोलता सांगत होता. आत्यांना हा सिनेमा जरूर दाखवा. आणि तुमची पाटी मला फार आवडली.

कोकणकडा

हॅरॉल्ड लॉइडचं नाव अजून कोणीच घेतलं नाही म्हणून लिहितो. 'सेफ्टी लास्ट' (1923). गोल चष्मा, गवती टोपी, दुकानातला साधा नोकर. पैशासाठी त्याला एका उंच इमारतीच्या भिंतीवरून चढावं लागतं. वर घड्याळाच्या काट्याला लोंबकळतो ते चित्र सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलंय.

मी वीस वर्षं सह्याद्रीत कडे-सुळके चढतोय. मी हे बघताना माणसाचे हात बघतो. 1919 मध्ये फोटो काढून घेताना खोटा म्हणून हातात धरलेला बॉम्ब खरा निघाला आणि लॉइडच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली. नंतर तो हातमोजा घालायचा, त्यात खोटी बोटं. म्हणजे अंगठा नसलेल्या हाताने हा माणूस काठ पकडतोय. चढणाऱ्याला विचारा, अंगठ्याशिवाय पकड म्हणजे काय! खरं तर भिंतीचे भाग वेगवेगळ्या उंच इमारतींच्या गच्चीवर उभारले होते आणि कॅमेरा असा लावला होता की खाली खरा रस्ता, खऱ्या मोटारी दिसाव्यात. खाली थोड्या अंतरावर गाद्या टाकलेल्या फळ्या होत्या. लांबच्या काही दृश्यांत दुसरा माणूस चढलाय. त्याने माझ्या लेखी काही कमी होत नाही. तो एकेका मजल्यावर कशाकशाला सामोरा जातो बघा: डोक्यावर बसलेली कबुतरं, अंगावर पडलेलं जाळं, पँटमध्ये शिरलेला उंदीर. प्रत्येक मजल्याला वाटतं आता टेकेल, आणि वरून नवीन काहीतरी येतं. चढाईत असंच होतं.

आत्यांना उंचीची भीती असेल तर जपून.

अनुस्वार

आत्या जी म्हण म्हणाल्या ना, त्याच म्हणीवरून 1940 चा 'लग्न पहावे करून' आहे. मास्टर विनायकांचा, चिं. वि. जोशींच्या चिमणराव-गुंड्याभाऊवर. चिमणराव दामुअण्णा मालवणकर आणि गुंड्याभाऊ विष्णुपंत जोग. बोलपट असला तरी दामुअण्णांकडे नुसतं बघत राहावं. तो तिरळा डोळा, काय करावं न सुचून मध्येच थबकणं, बाजूला जोगांचा आडदांडपणा. सगळे या जोडीला लॉरेल-हार्डीच्या शेजारी बसवतात आणि मला ते पटतं. आत्यांना संवाद कळणार नाहीत हे खरं, पण त्यांनी लहानपणी चिमणराव वाचले असतील तर दामुअण्णांना बघूनच ओळखतील.

पॅसिफिक_किनारा

अनुस्वार, लॉरेल-हार्डी निघालेच आहेत तर मी सांगते. आम्ही लॉस एंजेलिसला राहतो. 'द म्युझिक बॉक्स' (1932) मधल्या पायऱ्या इथे सिल्व्हर लेक भागात अजून आहेत. दोन घरांच्या मध्ये, वस्तीतला साधा जिना. 133 पायऱ्या. मुलीला घेऊन गेले होते. ती मोजत मोजत चढली आणि साठावर बसली.

त्या फिल्ममध्ये दोघे एक पियानो या जिन्याने वर नेतात. वर पोचवायचा, तो निसटून खाली, परत वर. मध्ये बाबागाडीवाली बाई, मध्ये पोलीस. शेवटी कसाबसा वर पोचतो तेव्हा पोस्टमन सांगतो, मागून रस्ता आहे की, गाडी थेट दारापर्यंत येते. मग ते काय करतात? पियानो पुन्हा सगळ्या पायऱ्या उतरवून खाली आणतात आणि गाडीत घालून रस्त्याने नेतात! छोट्या विनोदी फिल्मसाठी पहिल्यांदा ऑस्कर दिलं तेव्हा ते यालाच मिळालं. यात बोलणं आहे, पण ते काढून टाकलं तरी काही अडत नाही. माझ्या नवऱ्याने आणि दिरांनी पुण्याच्या घरी फ्रीज तिसऱ्या मजल्यावर चढवला होता, सासूबाई तो प्रसंग आणि ही फिल्म आता एकत्रच आठवतात.

निळी_शाई

यात भर म्हणून: गांधीजी आणि चॅप्लिन 22 सप्टेंबर 1931 ला लंडनच्या कॅनिंग टाउन भागात भेटले होते. गांधीजी यंत्रांना विरोध का करतात हे चॅप्लिनला समजून घ्यायचं होतं. पाच वर्षांनी 'मॉडर्न टाइम्स' आला. कारखान्यात पाने फिरवून फिरवून बाहेर आल्यावरही चार्लीचे हात थांबत नाहीत, समोर दिसेल ते बटण पिळायला जातो. माझे वडील गिरणीत होते. ते हसता हसता त्या जागी नेहमी गप्प व्हायचे.

सांजवात

सगळ्यांचे मनापासून आभार. या आठवड्याचं सांगते.

काकांनी सांगितल्याप्रमाणे वेग बघून लावते, आत्याला आता गरगरत नाही. 'सेफ्टी लास्ट'ला तिने अर्धा वेळ डोळ्यांवर हात ठेवला आणि बोटांच्या फटीतून बघितलं. उंदीर पँटमध्ये गेल्यावर म्हणाली, "याला आता काय यायचं राहिलंय?" 'म्युझिक बॉक्स'मध्ये दोघे पियानो परत खाली न्यायला लागले तेव्हा ती पडद्याला हात करून "अरे नको, नको" करत होती. दामुअण्णांना तिने बघताक्षणी ओळखलं. चिमणराव तिच्या वडिलांनी मोठ्याने वाचून दाखवले होते म्हणे, मला हे माहीतच नव्हतं. त्या रात्री ती त्यांच्याबद्दल तासभर बोलली.

काल 'सिटी लाइट्स' बघितला. फळा_खडू, पुतळ्याच्या प्रसंगाला मी फिल्म थांबवली आणि पाटीवर लिहिलं: "हा शिल्पकार झालेला माणूस खरा चित्रकार होता. त्याला ऐकू येत नसे." आत्याने पाटी हातात घेतली, दोनदा वाचली आणि बाजूला ठेवली. पुसू दिली नाही. शेवटी ती फुलवाली, जिला आता दिसतंय, भणंग चार्लीच्या हातात नाणं ठेवते आणि हाताच्या स्पर्शावरून ओळखते. त्या प्रसंगासाठी पाटीवर लिहायला मी मराठी तयार ठेवलं होतं, पण लिहायची गरज पडली नाही. आत्या माझा हात धरून बसली होती.

रविवारी शेजारच्या दोन आज्या आणि खालच्या मजल्यावरची मुलं येणार आहेत. गॅलरीत चादर बांधून भाच्याच्या प्रोजेक्टरवर लावायचं ठरलंय. काय लावू म्हणून विचारलं तर आत्या म्हणाली, "आधी तो घरवाला परत लाव. त्यांना साबण बघू दे."

रीळवाले_काका

चादर ताणून बांधा, सुरकुती राहिली की चेहरा तिथेच वाकडा होतो. आणि चादरीमागेही दोन खुर्च्या टाका.